पुन्हा सायकलकडे वळताना : वजनदार नवशिक्याने कोणती सायकल निवडावी?

दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत बसून काम करणाऱ्या व्यक्तीचे वजन चाळिशीच्या सुमारास नकळत वाढू लागते. बँकेतील काउंटर असो, शासकीय कार्यालय असो वा दुकानाचा गल्ला, यात फारसा फरक पडत नाही. वार्षिक तपासणीनंतर डॉक्टर 'नियमित व्यायाम करा' असा सल्ला देतात. व्यायामशाळेत जाण्याचा संकोच वाटतो, धावायला गेल्यास गुडघे तक्रार करतात आणि मग अनेकांना सायकल आठवते. ज्यांचे बालपण ताशी भाड्याची सायकल आणून, दांडीखालून पाय घालून हाफ पॅडल मारण्यात गेले, त्यांना सायकल शिकण्याची गरज नसते. पंचवीस वर्षांच्या खंडानंतरही तोल साधतो. खरेदी मात्र बहुधा चुकते.

ही चूक कशी होते ते पाहण्यासारखे आहे. दुकानात दर्शनी भागात जाड नळ्यांच्या, भडक रंगांच्या, पुढे-मागे स्प्रिंग बसवलेल्या आणि २१ गिअरच्या सायकली मांडलेल्या असतात. ग्राहक वजनदार आहे हे पाहून विक्रेता त्यातलीच सर्वांत दणकट दिसणारी सायकल पुढे करतो. घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात बैठक दुखते, दुसऱ्या आठवड्यात हातांना मुंग्या येतात, तिसऱ्या आठवड्यात मागच्या चाकाचा एक स्पोक तुटतो. त्यानंतर ती सायकल इमारतीच्या वाहनतळावर जिन्याखाली उभी राहते. २०२० च्या टाळेबंदीनंतर सायकलींना मोठी मागणी आली होती. त्या काळात घेतलेल्या कित्येक सायकली आज अशाच धूळ खात उभ्या आहेत. दोष मालकाच्या आळसाला दिला जातो, आणि बऱ्याचदा मालकही तो मान्य करतो. प्रत्यक्षात पुष्कळ वेळा दोष त्या व्यक्तीला न मानवणाऱ्या सायकलचा असतो. पैसे तर वाया जातातच, पण 'आपल्याला हे जमणार नाही' हा समज मनात पक्का होतो आणि व्यायामाचा आणखी एक मार्ग कायमचा बंद होतो. नुकसान खरे तेथे आहे.

प्रस्तुत लेखात 'वजनदार' हा शब्द साधारण ८५ ते १२० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी वापरला आहे. वैद्यकीय निकष याहून बरेच कडक आहेत. भारतीयांसाठी २००९ मध्ये ठरवण्यात आलेल्या निकषांनुसार शरीरभारांक २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ च्या पुढे गेला की स्थूलता मानली जाते. १७० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीच्या बाबतीत ही दुसरी मर्यादा सुमारे ७२ किलोवरच येते. तथापि सायकलच्या चाकाला ७५ किलोची व्यक्ती जड वाटत नाही. ९०-९५ किलोच्या पुढे मात्र प्रत्येक भागाच्या मजबुतीचा स्वतंत्र विचार करावा लागतो.

सायकलच का?

चालताना व धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराचा भार गुडघ्यांवर व घोट्यांवर आदळतो. सायकलवर हा भार मुख्यतः सीट उचलते, काही भाग हँडल उचलते, आणि पायांना केवळ पॅडल फिरवण्याचे काम उरते. त्यामुळे वजनदार व्यक्तीला सायकलवर अर्धा तास सलग श्रम करता येतात, जे धावताना बहुधा शक्य होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची शिफारस केली आहे. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास सायकल चालवली तरी त्यातील किमान मर्यादा गाठली जाते.

वजन झपाट्याने उतरेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. ९० किलो वजनाच्या व्यक्तीने सपाट रस्त्यावर संथ गतीने अर्धा तास सायकल चालवल्यास साधारण १८० किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. फेरी संपवून कोपऱ्यावर एक वडापाव खाल्ला की हिशेब तुटीत जातो. दम कमी लागणे, झोप सुधारणे, रक्तदाब व रक्तशर्करा आटोक्यात राहण्यास मदत होणे हे लाभ वजनाच्या काट्यावर दिसत नाहीत, पण ते काट्याच्या आधी मिळू लागतात. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा मधुमेह असणाऱ्यांनी प्रारंभापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. इन्सुलिन अथवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर खिशात ग्लुकोज वा साखर ठेवूनच बाहेर पडावे.

दूधवाल्याच्या सायकलीचा धडा

उपयुक्त सायकलची कल्पना स्पष्ट होण्यासाठी नव्या दालनात शिरण्यापूर्वी जुन्या काळ्या सायकलकडे पाहणे हितावह ठरेल. लुधियाना, सोनीपत आणि चेन्नईजवळील अंबत्तूर येथील कारखान्यांतून स्वातंत्र्योत्तर काळात जी उंच, काळी, दांडीची सायकल देशभर गेली, तिचा मूळ आराखडा इंग्रजी होता. तिच्यावरून दुधाचे कॅन गेले, पोस्टमनच्या पिशव्या गेल्या, गॅसची सिलिंडरे गेली आणि मुंबईत जेवणाचे डबे गेले. शंभर किलोचा बोजा ही त्या सायकलच्या दृष्टीने नित्याची बाब होती.

हे तिला कसे साधत होते? एक तर चाके मोठी, २८ इंची, आणि टायर त्या मानाने रुंद. मागच्या चाकाला ४० आणि पुढच्या चाकाला ३२ स्पोक. बहुतेक भार मागच्या चाकावर येतो, हे ओळखून केलेली ही वाटणी होती. दुसरे म्हणजे हँडल सीटच्या बरोबरीने किंवा थोडे वर, त्यामुळे स्वार ताठ बसतो. तिसरे म्हणजे रुंद, स्प्रिंगची सीट. चौथे म्हणजे पूर्ण मडगार्ड आणि चेनकव्हर, म्हणजे धोतर, पायजमा, साडी यांपैकी काहीही नेसून ती चालवता येते. वजनदार नवशिक्याला जे जे हवे त्यातील बहुतांश गोष्टी या सायकलमध्ये आधीपासूनच होत्या. तिला 'दूधवाल्याची सायकल' म्हणून हिणवणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार केलेला नसतो.

तिच्यात उणिवाही आहेत, आणि त्या लहान नाहीत. ती स्वतःच २० किलोच्या आसपास भरते. तिला गिअर नाहीत. सळईचे ब्रेक ओल्या लोखंडी रिमवर पावसाळ्यात भरवसा ठेवावा असे लागत नाहीत. उंच दांडीवरून पाय टाकून चढणे हे तर पंचेचाळिशीतल्या जड शरीराला खरोखरच अवघड जाते. थोडक्यात, जुन्या सायकलची चाके व बैठक आणि नव्या सायकलचे गिअर, ब्रेक व बुटकी चौकट, असा संयोग ज्या सायकलीत सापडेल ती अशा ग्राहकासाठी योग्य. बाजारात ती 'सिटी' किंवा 'हायब्रिड' या नावाखाली मिळते. 'माउंटन' प्रकारातील पुढे-मागे स्प्रिंग नसलेली साधी सायकलही चालू शकते. खाली वाकवणाऱ्या हँडलची, अरुंद टायरची रेसिंग सायकल मात्र या टप्प्यावर घेऊ नये.

पैसे कशावर खर्च करावेत? चाकांवर

वजनदार व्यक्तीच्या सायकलचा सांगाडा सहसा मोडत नाही, मागचे चाक मोडते. ताठ बसणाऱ्या स्वाराचा निम्म्याहून बराच अधिक भार मागच्या चाकावर असतो, आणि खड्ड्यात तेच आपटते. म्हणून दुकानात शिरल्यावर प्रथम मागच्या चाकाचे स्पोक मोजावेत. ३६ असल्यास उत्तम. ३२ असल्यास साधारण १०० किलोपर्यंत चालून जाते, मात्र चाक नीट ताणलेले हवे. शोभेसाठी २०-२४ स्पोक ठेवलेली चाके तेथेच नाकारावीत. रिम दुहेरी भिंतीची आहे का, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे. दुहेरी भिंतीच्या रिमच्या आतून आणखी एक आडवा पडदा असतो, त्यामुळे ती सहज वाकत नाही. स्वस्त सायकलींत एकेरी भिंतीची रिम असते आणि ती पहिल्याच खोल खड्ड्यात 'आऊट' जाते.

स्पोक का तुटतात, याविषयी एक गैरसमज आहे. ते वजनाने थेट तुटतात असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वास्तविक ते बहुतेक वेळा ढिलेपणामुळे तुटतात. चाक फिरताना प्रत्येक स्पोकवरील ताण प्रत्येक फेरीत कमी-जास्त होतो. स्पोक मुळात ढिला असेल तर तो दर फेरीला सैल पडून पुन्हा ताणला जातो आणि तार वाकवून-वाकवून तोडावी तसा अखेर वाकाच्या जागी तुटतो. यंत्रावर बांधलेली नवी चाके अनेकदा अपुरी ताणलेली असतात. यावर उपाय स्वस्त आहे. सायकल घेतल्यावर लगेच, आणि पुन्हा १५०-२०० किलोमीटर झाल्यावर, जाणत्या मिस्त्रीकडून दोन्ही चाकांचे स्पोक कसून आऊट काढून घ्यावा. या कामाला किरकोळ खर्च येतो, पण चाकाचे आयुष्य त्यावर ठरते.

टायर रुंद असावा. २६ इंची चाक असेल तर १.७५ ते २ इंच, ७०० मापाचे चाक असेल तर ३८ ते ४५ मिलिमीटर ही रुंदी भारतीय रस्त्यांना मानवते. रुंद टायर म्हणजे हवेची जाड गादी. तिच्यामुळे आराम मिळतो आणि रिमचेही रक्षण होते. मात्र टायरवर शेतातल्या ट्रॅक्टरसारख्या खोल खाचा नकोत. डांबरी रस्त्यावर त्या फक्त आवाज करतात आणि श्रम वाढवतात.

हवेचा दाब हा सर्वांत दुर्लक्षित विषय आहे. अंगठ्याने दाबून 'ठीक आहे' म्हणणे ६० किलोच्या मुलाला परवडते. ९५ किलोच्या व्यक्तीने हवा कमी ठेवली तर खड्ड्यात टायर रिमपर्यंत दबतो आणि ट्यूबला शेजारी शेजारी दोन छिद्रे पडतात. पंक्चरवाला काटा शोधत बसतो, पण काटा नसतोच. टायरच्या बाजूवर किमान व कमाल दाब पीएसआयमध्ये छापलेला असतो. वजनदार स्वाराने मागच्या टायरमध्ये त्या मर्यादेच्या वरच्या भागात आणि पुढच्या टायरमध्ये थोडी कमी हवा ठेवावी. दोन इंची टायरसाठी मागे साधारण ४५ ते ५५ पीएसआय हा आरंभ योग्य ठरतो, अर्थात छापील कमाल मर्यादा न ओलांडता. मोटारीसारखा व्हॉल्व्ह असलेल्या नव्या सायकलींत पेट्रोल पंपावर हवा भरता येते, पण सायकलची ट्यूब लहान असल्याने क्षणात जास्त हवा जाऊन ती फुटू शकते. दाब दाखवणारा पायाने धरून भरायचा पंप घरी असणे उत्तम.

मागच्या चाकासंबंधी आणखी एक तांत्रिक बाब आहे, जी विक्रेते सहसा सांगत नाहीत. गिअरच्या स्वस्त सायकलींत मागची दातेरी चक्रे 'फ्रीव्हील' पद्धतीने, आट्यांवर फिरवून, हबवर बसवलेली असतात. या रचनेत उजवीकडचे बेअरिंग बरेच आत राहते आणि एक्सलचा मोठा भाग आधाराविना उरतो. जड स्वाराखाली हा एक्सल वाकतो, कधी तुटतोही. 'कॅसेट' पद्धतीत बेअरिंग बाहेरच्या बाजूस, चौकटीच्या जवळ असते, त्यामुळे हा धोका फारच कमी होतो. १०० किलोच्या पुढील ग्राहकाने दोन-तीन हजार रुपये अधिक मोजूनही कॅसेटची सायकल घ्यावी. स्प्रिंगचा काटा, डिस्क ब्रेकची झकपक, रंगसंगती या साऱ्यांपेक्षा हा खर्च अधिक फलदायी आहे.

बैठक

बसण्याची सोय म्हणजे मऊ गादी, ही समजूत सायकलच्या बाबतीत फसवी ठरते. बसताना शरीराचा भार ओटीपोटाच्या खालच्या दोन हाडांवर यायला हवा. सीट फार मऊ असेल तर ती दोन हाडे तिच्यात रुततात, मधला भाग वर येऊन नाजूक भागावर दाबतो आणि बधिरपणा येतो. म्हणून सीट मागे पुरेशी रुंद, वरून बऱ्यापैकी घट्ट आणि खाली स्प्रिंग असलेली असावी. जितके ताठ बसायचे तितकी सीट रुंद लागते. फार रुंद सीटही उपयोगाची नाही, कारण ती मांड्यांना घासते. त्या दोन हाडांमधील अंतर ओटीपोटाच्या घडणीवर अवलंबून असते, वजनावर नव्हे. स्त्रियांमध्ये ते सरासरीने अधिक असते. त्यामुळे नवऱ्याची सायकल बायकोला टोचते, यात नवल नाही.

हँडल सीटच्या उंचीपेक्षा थोडे वर असावे. खाली वाकून चालवताना पोट मांड्यांच्या आड येते, श्वास कोंडतो आणि तळहातांवर भार येऊन बोटांना मुंग्या येतात. ताठ बसल्यावर वारा जास्त लागतो हे खरे, पण ताशी १२-१५ किलोमीटरच्या गतीला वाऱ्याचा फारसा हिशेब करण्याचे कारण नाही.

सीटची उंची ठरवण्याची सोपी पद्धत अशी : भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसावे, पॅडल सर्वांत खाली न्यावे आणि त्यावर टाच ठेवावी. त्या स्थितीत पाय सरळ झाला पाहिजे. मग पॅडलवर पायाचा पुढचा भाग ठेवला की गुडघ्यात हलकासा बाक राहतो. बहुतेक नवशिके भीतीपोटी सीट फार खाली ठेवतात, गुडघे छातीपर्यंत येतात आणि आठवड्यात दुखू लागतात. पहिले आठ-दहा दिवस, विश्वास येईपर्यंत, पाय जमिनीला टेकतील इतकी सीट खाली ठेवण्यास हरकत नाही. नंतर मात्र ती दर दोन-तीन दिवसांनी थोडी थोडी वर न्यावी. सीटखालच्या नळीवर किमान आत राहण्याची खूण असते. ती खूण बाहेर दिसेल इतकी सीट कधीही वर काढू नये, अन्यथा जड शरीराखाली नळी वाकते. चौकटीचे माप उंचीवरून ठरते. वजन जास्त म्हणून मोठी सायकल घेणे चुकीचे होय.

दांडीचा प्रश्न थोडा नाजूक आहे. खाली झुकलेल्या चौकटीची सायकल आपल्याकडे 'लेडीज सायकल' म्हणून ओळखली जाते, आणि केवळ या नावापायी पुरुष ती घेत नाहीत. नेदरलँड्समध्ये, जेथे सायकल हे रोजचे वाहन आहे, अशा चौकटीवर पुरुषही निःसंकोच बसतात. सिग्नलला अचानक थांबावे लागले, मागे कॅरियरवर पिशवी आहे आणि पाय दांडीवरून न्यायचा आहे, अशा वेळी वजनदार व्यक्ती हमखास तोल गमावते. पडण्याच्या भीतीनेच कित्येक जण सायकल सोडून देतात. नावाचा संकोच बाजूला ठेवून पुरुषांनीही ही चौकट वापरून पाहावी. ज्यांना ते अगदीच मान्य नसेल त्यांनी निदान मागे उतरत जाणाऱ्या दांडीची सायकल निवडावी.

गिअरचा हिशेब

जुन्या सायकलला पुढे साधारण ४४ आणि मागे १८ दाते असतात. म्हणजे पॅडलच्या एका फेरीत चाक सुमारे अडीच वेळा फिरते. चाकाचा घेर २.२ मीटर धरला तर सायकल एका फेरीत जवळजवळ ५.४ मीटर पुढे जाते. सपाट रस्त्यावर हे ठीक आहे. आता ९८ किलोचा स्वार, ४ किलोची पिशवी आणि १६ किलोची सायकल असे एकूण ११८ किलो घेऊन उड्डाणपूल चढायचा आहे असे समजा. चढ पाच टक्क्यांचा असेल तर दर १०० मीटरला हे सारे ओझे ५ मीटर वर उचलावे लागते. एका फेरीत ५.४ मीटर जाणाऱ्या सायकलवर गुडघ्यांवर इतका जोर येतो की मध्येच उतरावे लागते. पुढे २८ आणि मागे ३२ दाते असलेल्या सर्वांत हलक्या गिअरमध्ये २६ इंची चाकाची सायकल एका फेरीत सुमारे १.८ मीटरच जाते. वेग चालण्याइतकाच उरतो, पण जोर एक-तृतीयांश लागतो.

म्हणून 'एकूण गिअर किती' हा प्रश्न गौण आहे. 'सर्वांत हलका गिअर किती हलका' हा प्रश्न विचारावा. पुढचे सर्वांत लहान चक्र मागच्या सर्वांत मोठ्या चक्राएवढे किंवा त्याहून लहान असेल तर बहुतेक शहरी चढ बसूनच चढता येतात. नागपूर, सोलापूर, बडोदा, इंदूर किंवा चंडीगढ येथील सपाट भागात राहणाऱ्यास पुढे एक आणि मागे सात चक्रे पुरतात. पुण्यातील टेकड्यांच्या कडेच्या वसाहती, रत्नागिरीचे घाटीसारखे रस्ते, बेंगळुरूचे चढउतार किंवा हैदराबादचा बंजारा हिल्स परिसर येथे पुढे दोन किंवा तीन चक्रे लागतील. गिअर वापरण्याची सवय लावावी लागते. चढ लागण्यापूर्वीच हलका गिअर टाकावा, चढावर पूर्ण जोर देत असताना बदलू नये.

स्प्रिंग आणि ब्रेक यांविषयी थोडक्यात सांगता येईल. स्वस्त सायकलींतील मागची स्प्रिंग टाळावी. जड स्वाराखाली ती पूर्ण दबून बसते, आणि पॅडल मारण्याचा काही जोर सायकल वर-खाली हलवण्यातच जातो. पुढची स्प्रिंगही अनावश्यक आहे. ब्रेक मात्र उत्तम हवेत, कारण जास्त वजन थांबवायला जास्त अंतर लागते. ॲल्युमिनियमच्या रिमवरील व्ही-ब्रेक किंवा डिस्क ब्रेक यांपैकी काहीही चालेल. मुंबई, कोकण, गोवा येथील खाऱ्या हवेत लोखंडी रिम व चेन लवकर गंजतात, हेही लक्षात ठेवावे. पॅडल प्लॅस्टिकचे असल्यास धातूचे रुंद पॅडल बदलून घ्यावे.

विजेवर चालणाऱ्या सायकलींचा पर्याय चढाच्या गावी विचारात घेण्याजोगा आहे. २५० वॉटपेक्षा कमी क्षमतेच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या अशा सायकलीला, तिचे वजनही ठरावीक मर्यादेत असल्यास, नोंदणी लागत नाही. पॅडल मारल्यावरच मोटर साथ देईल अशी रचना घ्यावी. केवळ मूठ पिळून चालणारी सायकल घेतल्यास स्वार महिनाभरात पॅडल मारणे सोडतो असा अनुभव आहे.

भारमर्यादा, किंमत आणि पावती

प्रत्येक चांगल्या सायकलच्या माहितीपुस्तिकेत भारमर्यादा दिलेली असते. ती वाचताना कर्जाच्या अटी वाचाव्यात तशी वाचावी. काही कंपन्या फक्त स्वार व सामान यांची मर्यादा देतात, तर काही सायकलचे स्वतःचे वजनही त्यात धरतात. वरच्या उदाहरणातील ९८ किलोच्या स्वाराला '१२० किलो, सायकलसह' ही मर्यादा काठावर पुरते, '१०० किलो, स्वार व सामान' ही मर्यादा मात्र अपुरी पडते. पुस्तिका नसेल किंवा विक्रेता 'काही होत नाही, साहेब' एवढेच सांगत असेल, तर दुसरे दुकान पाहावे. मर्यादेबाहेरच्या वापरात हमीही नाकारली जाऊ शकते.

बिनगिअरची साधी लोखंडी सायकल साधारण सहा ते नऊ हजार रुपयांत मिळते. वर सांगितलेल्या गुणांची गिअरची हायब्रिड सायकल १५ ते २५ हजारांच्या दरम्यान पडते. सपाट गावातील ८५-९० किलोच्या व्यक्तीने चांगली लोखंडी सायकल घेऊन उरलेले पैसे चाकांवर व सीटवर खर्च केले तरी काम भागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. १८,००० रुपये मूळ किमतीवर यामुळे १,२६० रुपये वाचतात. एवढ्या रकमेत दाबमापकाचा पंप साधारणपणे येतो. विक्रेता 'बिनव्याजी हप्ता' सुचवील, त्यातील प्रक्रिया शुल्क व त्यावरील कर एकूण किमतीत धरून मगच तुलना करावी. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा आणि कुलूप यांची तरतूद अंदाजपत्रकात आधीच असावी.

खरेदीपूर्वी किमान पंधरा मिनिटे सायकल चालवून पाहावी. एक गतिरोधक, एक लहान चढ, दोनदा थांबणे-उतरणे एवढे तरी व्हावे. दुकानात इतरांसमोर आपले वजन सांगण्याचा संकोच वाटतो, परंतु खरे वजन सांगितल्याशिवाय योग्य सल्ला मिळणार नाही. संकेतस्थळावरून मागवलेली सायकल अर्धवट जोडलेली येते. ती घरी जोडण्याऐवजी मिस्त्रीकडे नेऊन बेअरिंग, ब्रेक, स्पोक सारे तपासून घ्यावे.

पहिल्या पंधरवड्यात एकाआड एक दिवस, दहा-पंधरा मिनिटे, सपाट रस्त्यावर, सोबत्याशी बोलता येईल इतक्याच गतीने चालवावे. बैठक थोडी दुखणे स्वाभाविक आहे, ते एक-दोन आठवड्यांत थांबते. बधिरपणा मात्र स्वाभाविक नाही. तो आल्यास सीटचे टोक किंचित खाली करून पाहावे आणि तरी न थांबल्यास सीट बदलावी. मधूनमधून पॅडलवर उभे राहून बैठकीला उसंत द्यावी. आत जाड शिवण नसलेला सैल कपडा घालावा. छातीत दुखणे, भोवळ येणे किंवा नेहमीपेक्षा फार दम लागणे असे झाल्यास तत्काळ थांबून डॉक्टरांकडे जावे.

चौकटीवर, बहुधा पॅडलच्या खालच्या बाजूस, एक क्रमांक ठोकलेला असतो. तो पावतीवर लिहून घ्यावा आणि त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. चोरी झाल्यास पोलीस ठाण्यात हाच क्रमांक विचारतात, आणि मोफत सर्व्हिसिंगची तारीख उलटली नसल्याचा पुरावाही तीच पावती असते.